एका कामाचे यंत्र, दुसऱ्या कामाला



बिनतारी संचांच्या दुरुस्तीसारखा विषय इतिहासाच्या व्यासपीठावर कसा आला, असा प्रश्न निमंत्रणपत्रिका वाचून काहींच्या मनात आला असेल. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते विज्ञान शिकवीत, एवढे कारण मला पुरेसे होते. पण त्याहून मोठे कारण आपल्या तालुक्याच्या सीमेवरच उभे आहे. पोलीस, लष्कर, रेल्वे, वनखाते अशांसाठी तयार झालेला जुना बिनतारी संच मिळवायचा, तो दुरुस्त करायचा, त्यात फेरबदल करायचा आणि त्याला निराळ्याच कामाला लावायचे, ही हौशी बिनतारीवाल्यांची जुनी विद्या आहे. त्या विद्येचा एक विलक्षण प्रसंग आपल्या कॅसलरॉकच्या जंगलात घडला. तेथे मात्र ती हौसेसाठी वापरली गेली नाही. गोव्याच्या मुक्तीसाठी वापरली गेली. मी व्यवसायाने इतिहासकार नाही. हौशी बिनतारीचा परवाना बाळगणारा आणि आयुष्यातल्या पुष्कळ संध्याकाळी जुने संच उघडण्यात घालवलेला मी एक साधा माणूस आहे. तेव्हा या प्रसंगाकडे मी यंत्राच्या बाजूने पाहीन, आणि तसे पाहिले असता जे दिसते ते आपल्यापुढे ठेवीन.

प्रथम जागा ध्यानी घेऊ. जोयडा तालुका पूर्वी सुपा म्हणून ओळखला जात असे; ते सुपा गाव पुढे काळी नदीवरच्या धरणाच्या जलाशयाखाली गेले. या तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटमाथ्यावर, कॅसलरॉक. मुरगावहून निघालेली पोर्तुगीज हद्दीतली लोहमार्गाची वाट घाट चढून येथे ब्रिटिश हिंदुस्थानच्या लोहमार्गाला मिळत असे. खाली कुळे, वर कॅसलरॉक, आणि मधला घाट सुमारे सव्वीस किलोमीटरांचा. दोन्ही टोकांना जकातीची ठाणी होती. ज्यांनी ते स्थानक पाहिले आहे त्यांना त्याचा आकार खेड्याच्या मानाने मोठा का, हे कोडे पडते. त्याचे उत्तर या जकातीत आहे. १९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली, आगगाडी थांबली आणि गजबजलेले हे स्थानक एकाएकी शांत झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सत्याग्रहींच्या तुकड्या ज्या ठिकाणांहून गोव्याच्या हद्दीत शिरल्या त्यांत कॅसलरॉक होते. त्या दिवशी पोर्तुगीजांच्या गोळीबारात सर्व ठिकाणी मिळून वीसांहून अधिक निःशस्त्र माणसे मारली गेली. माणसांना सीमा ओलांडणे असे बंद झाले, तेव्हा आवाजाने ती ओलांडावी हा विचार पुढे आला.

त्यासाठी लागणारे यंत्र मात्र एक वर्ष आधीच हाती आले होते, आणि ते दूरच्या रानात. २२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा, म्हणजे नगरहवेली, स्वयंसेवकांनी पोर्तुगीजांकडून मुक्त केली. त्या लढ्यात महाराष्ट्रातील तरुण होते, गोमंतकीय होते. आपल्या सर्वांच्या परिचयाचे गायक-संगीतकार सुधीर फडके हेही होते. चहूबाजूंनी भारतीय भूभागाने वेढलेल्या या ठाण्यांना दमणशी बोलायचे तर बिनतारीवाचून स्वतःचा असा मार्ग नव्हता. माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच स्वयंसेवकांच्या हाती पडले. या दोन संचांत फेरबदल करून एक नभोवाणी प्रक्षेपक तयार करण्यात आला आणि तो एका ट्रकवर बसवण्यात आला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून त्याचा पहिला आवाज उमटला. पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव ‘व्हॉझ दा लिबेरदाद’, कोंकणीत ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’. वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि निकोलाव मिनेझिस यांनी हे काम उभे केले. मिनेझिस लवकरच वेगळे झाले. सरदेसाई आणि लोबो या दोघांनी पुढे गोवा मुक्त होईपर्यंत ते चालवले. आंबोलीहून हे केंद्र कॅसलरॉकच्या रानात आले आणि येथेच ते दीर्घकाळ राहिले. आणखी एक बाब सांगण्याजोगी आहे. केंद्र सुरू झाले तेव्हा आंबोली आणि कॅसलरॉक ही दोन्ही ठिकाणे एकाच मुंबई राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि कारवार जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. रान तेच राहिले.

या केंद्राची आठवण काढली जाते ती बहुधा दोन आवाजांची आठवण म्हणून. ती योग्यच आहे. घरदार, वकिली-पत्रकारितेच्या वाटा, शहरातले आयुष्य सोडून जळवांच्या, सापांच्या आणि मुसळधार पावसाच्या मुलखात सहा वर्षे काढणे ही गोष्ट शब्दांनी मोठी करण्याची गरज नाही. परंतु ‘संचांत फेरबदल करून प्रक्षेपक तयार करण्यात आला’ हे वाक्य वाचताना माझे मन तेथे अडते. वाक्य कर्मणी आहे. कर्ता त्यातून निघून गेला आहे. ज्याने कधी डाख देण्याची कांडी हातात धरली आहे त्याला ठाऊक असते, की या एका वाक्यात कित्येक रात्री दडलेल्या असतात. त्या रात्रींत काय काय करावे लागले असले पाहिजे, ते यंत्रच आपल्याला सांगू शकते.

दोघांच्या संभाषणाचा संच आणि नभोवाणीचा प्रक्षेपक यांत वरकरणी फरक थोडा दिसतो. आतून तो पुष्कळ असतो. संभाषणाचा संच तुटक बोलण्यासाठी घडवलेला असतो. कळ दाबावी, चार वाक्ये बोलावीत, कळ सोडून पलीकडचे ऐकावे. बोलण्याच्या वेळी व्हॉल्व्ह आणि रोहित्र तापतात, ऐकण्याच्या वेळी निवतात. नभोवाणीला अशी उसंत नसते. तासभर अखंड प्रक्षेपण करायचे तर तेच रोहित्र, तोच शेवटचा व्हॉल्व्ह होरपळून निघतो. म्हणून पहिले काम वीजपुरवठा नव्याने बांधण्याचे किंवा शक्ती उतरवून संचाला त्याच्या कुवतीत चालवण्याचे. दुसरे काम आवाजाचे. पोलिसी संचाचा मायक्रोफोन आणि त्यापुढचा विस्तारक मानवी आवाजाची मधली पट्टी तेवढी उचलतात. हुकूम कळला म्हणजे झाले. श्रोत्याने मात्र रेडिओ लावून बसावे अशी इच्छा असेल तर आवाजात थोडी तरी माया राहिली पाहिजे. शिवाय त्या काळच्या पद्धतीने वाहक लहरीवर आवाज पूर्ण चढवायचा तर शेवटच्या व्हॉल्व्हला जेवढी वीज दिली जाते तिच्या निम्मी शक्ती एकट्या ध्वनिविस्तारकाने पुरवावी लागते. शंभर वॉटला पन्नास वॉट, असा हा हिशेब आहे. म्हणजे संचाच्या शेजारी दुसरे एक अवजड यंत्र आले. या सर्वाला जंगलात जनित्राचाच आधार, आणि जनित्राची वीज घरच्या विजेसारखी स्थिर नसते.

तिसरे काम एरियलचे. येथे कॅसलरॉकची जागा अभ्यासण्यासारखी आहे. नकाशावर पट्टी ठेवून पाहा. कॅसलरॉकहून पणजी सरळ रेषेत सुमारे पंचावन्न किलोमीटर पडते. आंबोलीहूनही पणजी जवळजवळ तेवढीच. पण मडगाव आंबोलीहून पंचाहत्तर-सत्त्याहत्तर किलोमीटर आणि कॅसलरॉकहून चाळीस-पंचेचाळीस. साष्टीसारखा दाट वस्तीचा भाग जवळ आला, हा या स्थलांतराचा एक फायदा नकाशाच दाखवतो. अंतर इतके कमी असूनही प्रश्न सोपा नव्हता. लघुलहरी जमिनीलगत फार दूर जात नाहीत, आणि ओल्या दाट जंगलात तर त्या लवकर शोषल्या जातात. अशा वेळी जाणकार माणूस तार उंच टांगण्याचा हट्ट धरत नाही. तो ती जमिनीपासून थोड्याच उंचीवर आडवी ताणतो, म्हणजे लहरी सरळ वर जातात, वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावर आपटतात आणि छत्रीसारख्या चहूबाजूंनी खाली उतरतात. डोंगराचा अडसर तेथे उरतच नाही. हौशी बिनतारीवाल्यांना ही युक्ती अंगवळणी पडलेली असते. त्यात काळही अनुकूल होता. सूर्यावरच्या डागांचे चक्र १९५७-५८ मध्ये शिखरावर होते आणि विसाव्या शतकातले ते सर्वांत तीव्र शिखर ठरले. त्या वर्षांत आकाशातला तो थर लघुलहरींना जेवढा अनुकूल होता तेवढा क्वचितच असतो.

आणि चौथे काम पावसाशी झुंजण्याचे. कॅसलरॉकचा पाऊस मी आपल्याला सांगण्याची आवश्यकता नाही. शेकडो व्होल्टांच्या दाबाच्या यंत्राला दमट हवेसारखा वैरी नाही. रोहित्राच्या वेटोळ्यांत ओल शिरते, बेकेलाइटवर बुरशी धरते, आणि त्या बुरशीवरून ठिणगी वाट काढते. जुन्या व्हॉल्व्हच्या संचांची एक गंमत अशी, की ते चालू असले म्हणजे स्वतःच्या उष्णतेने स्वतःला सुकवत राहतात. धोका असतो तो बंद करून पुन्हा लावताना. पावसाळ्यात संच लावण्यापूर्वी आत एखादा पेटता दिवा काही वेळ ठेवून तो कोरडा करून घेणारे जुने कारागीर मी पाहिले आहेत. घाटावर सहा पावसाळे एक प्रक्षेपक चालता राहिला, यातले कर्तृत्व या बाजूने मोजले पाहिजे असे मला वाटते.

डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरण यावे असे आवाहन याच केंद्रावरून करण्यात आले. १८ डिसेंबरला भारतीय वायुदलाच्या हंटर विमानांनी सांबऱ्याहून झेप घेऊन बांबोळीचे पोर्तुगीज बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, ध्वनिवर्धक बसवलेल्या विमानातून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई गोव्यावर फिरले आणि चारशे एक्कावन्न वर्षांची परकी सत्ता संपल्याचे त्यांनी पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांत वरून पुकारले. पुढे १९६४ मध्ये दोघांचा विवाह झाला. सरदेसाईंना १९९२ मध्ये पद्मश्री मिळाली; लिबिया लोबो सरदेसाई यांना ती २०२५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, जाहीर झाली.

आता थोडे मागे जाऊ. कारण एका कामाचे यंत्र दुसऱ्या कामाला लावण्याचा हा आपल्याकडचा पहिला प्रसंग नाही. १९४२ च्या लढ्यात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, हे शाळेच्या पुस्तकात असते. ज्या हातांनी तो प्रक्षेपक उभा राहिला ते हात हौशी बिनतारीवाल्यांचे होते, हे मात्र तेथे क्वचितच असते. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने रोखले आणि संच पोलिसांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम काढला. मुंबईतले परवानाधारक नरिमन प्रिंटर यांनी सुट्या भागांतून पुन्हा प्रक्षेपक जुळवला. काँग्रेस रेडिओची प्रसिद्ध लहरलांबी ४२.३४ मीटर. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन प्रकाशाच्या वेगाला या आकड्याने भागावे. सात मेगाहर्ट्झच्या किंचित वर उत्तर येईल. सात मेगाहर्ट्झपासून सुरू होणारा हा पट्टा जगभरच्या हौशी मंडळींचा ठरलेला पट्टा आहे. संच कोणत्या घरातून आला होता त्याची खूण त्या आकड्यात राहून गेली आहे. १२ नोव्हेंबर १९४२ ला महालक्ष्मीजवळच्या पॅरेडाइज बंगल्यावर छापा पडला. पोलिसांना ठावठिकाणा लागला तो केंद्राच्या तंत्रज्ञाकडूनच. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. तंत्रज्ञाला आपण इतिहासात जागा देणार असू तर ती अशी बऱ्यावाईटासकट द्यावी लागेल, म्हणून हेही सांगितले.

दोन प्रसंगांत दिशा उलटी आहे. १९४२ मध्ये हौशी माणसाचा संच सार्वजनिक कामी आला. १९५५ मध्ये सरकारी ठाण्याचा संच लोकांच्या कामी आला. तिसरी दिशा, म्हणजे सरकारी आणि व्यापारी संचाने हौशी माणसाच्या घरी यावे, ही स्वातंत्र्यानंतरची आणि पुष्कळ शांत गोष्ट. तिच्यात आता थोडे रमण्याची मला परवानगी असावी.

१५ मे १९४८ रोजी महू येथील लष्कराच्या सिग्नल शाळेत हौशी बिनतारीवाल्यांची पहिली अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. महू हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून आपल्याला ठाऊक असलेले गाव. देशात त्या वेळी परवानाधारक सुमारे पन्नास, आणि त्यांतले प्रत्यक्ष बोलणारे डझनभर. विकत घेता येईल असा तयार संच जवळजवळ नव्हताच. आधार होता तो महायुद्धाच्या शिल्लक मालाचा. ब्रिटिश रणगाड्यांतला ‘एकोणीस नंबर’चा संच, विमानांतला अकराशे पंचावन्न क्रमांकाचा ग्राहक, अमेरिकनांचा तीनशे अठ्ठेचाळीस, ही नावे जुन्या मंडळींच्या तोंडी गाईगुरांच्या नावांसारखी असत. एकोणीस नंबरच्या शेवटी आठशे सात क्रमांकाचा व्हॉल्व्ह असे. तो बाजारात सहज मिळे, त्यामुळे त्या एका व्हॉल्व्हवर कित्येकांची हौस उभी राहिली. मुंबईचा चोर बाजार आणि लॅमिंग्टन रोड ही या मंडळींची पंढरी. परदेशी तयार संच ऐंशीच्या दशकात आयातशुल्काच्या सवलतीमुळे येऊ लागले, तरी ते आपल्यासारख्या गावांतल्या पगारदाराच्या आवाक्याबाहेरच होते.

याच सुमारास दुसरा एक स्रोत उघडला. पोलिसांच्या गाड्या, रेल्वे, वीजप्रकल्प, वनखाते यांच्याकडचे अतिउच्च वारंवारतेचे जुने संच निकालात निघू लागले. सरकारी लिलावात ते किलोने जात. हे संच दिसायला ओबडधोबड, वजनाला जड. पण आतून फार प्रामाणिक. हौशी बाजारासाठी बनवलेल्या देखण्या संचाला शंभर बटणे असतील, तर याला दोनच. मात्र खड्ड्यांतून उडणाऱ्या जीपमध्ये, उन्हात, धुळीत, दिवसभर चालावे म्हणून हा बांधलेला असतो. शेजारच्या लहरीवरचा जोरकस आवाज दूर ठेवण्याची त्याची ताकद मी तरी महागड्या हौशी संचांत क्वचित पाहिली.

त्यात फेरबदल करायचा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. हे जुने संच क्रिस्टलवर, म्हणजे स्फटिकावर चालत. प्रत्येक चॅनेलसाठी दोन स्फटिक, एक बोलण्याचा आणि एक ऐकण्याचा. स्फटिकाची मूळ वारंवारता कमी असते. संच तिचे दुपटी-तिपटीने गुणन करत करत ती हव्या त्या जागी नेतो. समजा, संचात बारापट गुणन होते आणि आपल्याला हौशी पट्ट्यातल्या १४५.५ मेगाहर्ट्झवर बोलायचे आहे. बाराने भागा, १२.१२५ मेगाहर्ट्झचा स्फटिक हवा. ऐकण्याच्या बाजूस आधी १०.७ वजा करायचे, कारण ग्राहक येणारी लहर प्रथम त्या मधल्या वारंवारतेवर उतरवतो. राहिले १३४.८. तेथे तिप्पट गुणन असेल तर ४४.९३३ मेगाहर्ट्झचा स्फटिक. हे दोन स्फटिक कापून मागवायचे, आणि ते येईपर्यंत धीर धरायचा. गुणाकार-भागाकार चुकला तर पैसे बुडाले. म्हणून सातवीच्या गणिताला इतका मान देणारे दुसरे छंद मला ठाऊक नाहीत.

स्फटिक बसवले म्हणजे काम संपले असे नाही. संच मुळात १६० मेगाहर्ट्झसाठी जुळवलेला असेल, तर त्याचा प्रत्येक टप्पा त्या सुरावर ताणलेला असतो. त्याला १४५ वर आणायचे म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेटोळे आणि धारित्र यांचा गुणाकार सुमारे एकपंचमांशाने वाढवायचा. कुठे वेटोळ्यातला गाभा आत फिरवून भागते, कुठे एक वेढा वाढवावा लागतो, कुठे धारित्र बदलावे लागते. पेचकस धातूचा चालत नाही, कारण धातू जवळ येताच सूर ढळतो. जुने लोक बांबूची किंवा प्लॅस्टिकच्या विणकामाच्या सुईची तासलेली काडी वापरत. प्रक्षेपक तपासताना एरियल लावायचे नाही; त्याजागी शक्ती जिरवणारा रोध लावायचा, म्हणजे आपल्या चाचपडण्याचा उपद्रव आकाशात कोणाला होत नाही. कोरडी पडलेली धारित्रे बदलायची, काळवंडलेले रिले साफ करायचे. नंतरच्या संचांत स्फटिकांची जागा स्मृतिचकतीने घेतली, चॅनेल तिच्यात कोरलेले असत. मग पेचकसाबरोबर संगणकही लागला. विद्या तीच राहिली. मूळ कर्त्याने हे असे का केले असेल, याचा अंदाज बांधत बांधत उलट चालत जाण्याची.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या उद्ध्वस्त गावांतून निरोप बाहेर काढण्यासाठी हौशी बिनतारीवाले धावून गेले होते. संपर्काच्या इतर वाटा खचल्यावर मोटारीच्या बॅटरीवर चालणारा संच किती मोलाचा ठरतो, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण अलीकडे अभिमानाच्या भरात दोन गोष्टींची गल्लत होते. कॅसलरॉकचे केंद्र हौशी बिनतारी केंद्र होते असे कोणी म्हणू लागले तर ते मला मान्य नाही. हौशी परवान्याला नभोवाणी सर्वथा वर्ज्य आहे. भाषण, गाणी, प्रचार, व्यापारी निरोप यांतले काहीच हौशी माणसाला आकाशात सोडता येत नाही. त्याने दुसऱ्या परवानाधारकाशी बोलावे, प्रयोग करावेत, एवढेच. १९३३ च्या बिनतारी कायद्याने तर नुसता संच जवळ बाळगायलाही परवाना लागे. त्या कायद्याची आणि १८८५ च्या तार कायद्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये संमत झाला. लिलावातला संच स्वस्त मिळाला म्हणून घरी आणला, असे करता येत नाही. आधी परीक्षा, मग परवाना, मग संच. विद्यार्थ्यांनी हा क्रम पक्का ध्यानात ठेवावा. कॅसलरॉकला सहा वर्षे प्रक्षेपण चालले ते भारत सरकारने त्याकडे कानाडोळा केल्याशिवाय चालणे शक्य नव्हते, असे माझे मत आहे. सीमेलगतच्या रानात ट्रकवरचा प्रक्षेपक शोधून काढणे ही दिशाशोधक एरियल असलेल्या कोणत्याही यंत्रणेला अवघड गोष्ट नाही. हौशी माणसाला असा कानाडोळा मिळत नाही आणि मिळूही नये.

तरीही दोघांत एक नाते आहे, आणि ते हाताचे आहे. फरक आहे तो कानाचा. पोर्तुगीज ठाण्यातला संच मुळात बोलणारा आणि ऐकणारा असा दोन्ही होता. कॅसलरॉकला त्याचे ऐकणे बंद झाले. गोव्यातला माणूस दार लावून, आवाज बारीक करून ऐकत असेल, पण त्याचे उत्तर जंगलात त्या यंत्रातून येऊ शकत नव्हते. ज्या गावांसाठी हे दोघे रोज बोलत होते ती गावे त्यांच्यापुरती सहा वर्षे मुकी होती. पोलिसांचा संच हौशी माणसाच्या घरी येतो तेव्हा हे ऐकणे शाबूत राहते. पूर्वी त्यातून हुकूम जात आणि ‘होय साहेब’ येत असे; आता कारवारचा शिक्षक बेळगावच्या घड्याळदुरुस्तीवाल्याला पावसाची खबर विचारतो.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मी असाच एक जुना संच आणला आहे. त्याचा प्रक्षेपक काढून घेतलेला आहे. नुसता ग्राहक चालतो, आणि तोही हौशी पट्ट्यावर. व्याख्यानानंतर तो झाकण काढून मागच्या टेबलावर ठेवला जाईल. आत डाव्या बाजूला स्फटिकांच्या सहा जागा दिसतील. पाच रिकाम्या आहेत, सहावीत नवा स्फटिक आहे. रिकाम्या जागांखाली पहिल्या मालकाने हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या मी तशाच राहू दिल्या आहेत. शाई उडाली आहे, पण तिसऱ्या चिठ्ठीवर ‘घाट’ हा शब्द अजून वाचता येतो.